खुर्चीत बसलेला चॅम्पियन

शनिवारी सकाळी आठला फोन वाजला तर तो ऑफिसचा नसतो. ऑफिसवाले सभ्य आहेत, ते रविवारी करतात. शनिवारचा फोन अहेरीहून, धाकट्या बहिणीचा. लाईट गेली, पाऊस झाला, कोणाचं लग्न जमलं अशा बातम्या ऐकत माझा चहा होतो. परवा मात्र तिनं बातमी दिली नाही, थेट प्रश्न विचारला.

"दादा, हिला नागपूरले ठेवू का?"

ही म्हणजे माझी भाची. वय वर्षं नऊ. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा आमच्याकडे कितीतरी घरांत माळ्यावरचे बुद्धिबळाचे पट खाली आले. बरेचसे महिन्याभरात परत वर गेले. बहिणीच्या घरातला नाही गेला. पोरगी वडिलांना हरवते, शेजारच्या वकीलसाहेबांना हरवते, दिवाळीत तिनं मलाही हरवलं. (मी मुद्दाम हरलो असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. कोणाचाच विश्वास बसला नाही.) आता अहेरीत तिच्याशी खेळायला माणूस उरलेला नाही. म्हणून प्रस्ताव असा की तिला नागपूरला आत्याकडे ठेवायचं, तिथंच शाळा आणि तिथंच क्लास. जावईबापूंचा प्रस्ताव वेगळा. कोणी एक ग्रँडमास्टर ऑनलाईन शिकवतात, त्यांची फी भरायची. फीचा आकडा ऐकून मी दोनदा विचारलं, "महिन्याची ना?" तासाची होती. पण जावईबापू ठाम. शिकवायचंच तर चॅम्पियनकडून!

ज्यांना अहेरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्राच्या नकाशात उजवीकडे अगदी खाली, प्राणहितेच्या काठाजवळ. नदीपलीकडे तेलंगणा. बाजारात मराठीइतकीच तेलुगू ऐकू येते, आतल्या गावांतून आलेली माणसं आपसांत गोंडी-माडिया बोलतात. नागपूर जवळजवळ तीनशे किलोमीटर, आणि सूरजागडचं लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांनी रस्त्याची जी दशा केली त्यावर एक वेगळी पोस्ट लिहिता येईल. म्हणजे नऊ वर्षांची मुलगी नागपूरला ठेवणं हे 'दर रविवारी भेटून येऊ' अशातलं काम नाही. मी "बघतो, सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय.

चॅम्पियन माणूस चांगला कोच होतो का?

आधी स्वतःची गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे माझा पूर्वग्रह कुठून आला ते कळेल. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत मी टीममधला त्यातल्या त्यात बरा कोड लिहिणारा होतो. बक्षीस म्हणून मला टीम लीड केलं. हाताखाली चार पोरं. त्यातलं कोणी अडलं की मी त्याच्या मागे जाऊन उभा राहायचो, दोन मिनिटं दम धरायचो आणि मग म्हणायचो, "सरक जरा." कीबोर्ड माझ्याकडे. दहा मिनिटांत प्रॉब्लेम सुटायचा, पोरगा "वा सर" म्हणायचा, मी खूश. दीड वर्षानं त्यातली दोघं सोडून गेली. एकानं जाताना चहा पिता पिता सांगितलं, "सर, मी इथं काहीच शिकलो नाही, तुम्ही काम कसं करता तेवढं पाहिलं." वाईट वाटलं. पण खरं होतं.

तर हे 'सरक जरा' म्हणता न येणं, हीच कोचच्या धंद्यातली खरी गोम आहे. आणि ज्याला स्वतःला फटका येतो त्यालाच ती सगळ्यात जड जाते.

टेनिसमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. ग्रँड स्लॅमच्या मॅचमध्ये कोचनं प्रेक्षकांतून सूचना द्यायलाच वर्षानुवर्षं बंदी होती. २०२२ मध्ये प्रयोग म्हणून ती सैल झाली आणि २०२५ पासून रीतसर परवानगी मिळाली. त्याआधी जगातला कितीही मोठा माजी खेळाडू असो, त्यानं बॉक्समध्ये बसायचं आणि गप्प राहायचं. इव्हान लेंडल आठवतो? अँडी मरे पॉइंट जिंको की हरो, चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. कॅमेरा दर दोन मिनिटांनी त्याच्यावर जायचा आणि दर वेळी तोच दगड दिसायचा.

या लेंडलनं स्वतः आठ ग्रँड स्लॅम जिंकली, पण विम्बल्डन कधीच नाही. १९८६ आणि १९८७ ला फायनलला गेला, दोन्ही हरला. आणि त्याच्याच हाताखाली मरेनं २०१३ ला विम्बल्डन जिंकलं, ब्रिटनच्या पुरुषांनी ७७ वर्षं ज्याची वाट पाहिली ते. अजून एक गंमत आहे. लेंडल त्याच्या पहिल्या चारही ग्रँड स्लॅम फायनल हरला होता. मरेही पहिल्या चारही हरला. चौथी हरून मरे विम्बल्डनच्या सेंटर कोर्टावर माईकसमोर रडला, ते २०१२ साल. लेंडल त्या जानेवारीपासूनच त्याच्याबरोबर होता. त्याच उन्हाळ्यात मरेनं ऑलिम्पिकचं सोनं घेतलं आणि सप्टेंबरात यूएस ओपन. फोरहँड मारायला मरेला शिकवणारे शंभर जण मिळाले असते. चार फायनल हरल्यावर पाचवीला कसं उभं राहायचं हे स्वतः त्यातून गेलेला माणूस जगात एकच होता. माझा मुद्दा एवढाच की मरेच्या कामी आला तो लेंडलचा विजय नव्हे, त्याचे पराभव आले.

उलटंही होतं. याच मरेला २०२४ च्या नोव्हेंबरात जोकोविचनं कोच म्हणून घेतलं. दोघं एका आठवड्याच्या अंतरानं जन्मलेले, आयुष्यभर एकमेकांशी खेळलेले. केवढा गाजावाजा झाला! २०२५ च्या मे महिन्यात दोघं वेगळे झाले. कोणाचा दोष म्हणून नाही सांगत, पण नुसतं मोठं नाव शेजारी बसवलं की काम होतं असं नाही.

आपल्याकडे पुण्याचे नंदन बाळ आहेत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भारताकडून डेव्हिस कप खेळले, पुढे बरीच वर्षं त्याच संघाचे कोच होते, २०२० मध्ये ध्यानचंद पुरस्कार मिळाला. पेस-भूपतीची नावं रिक्षावाल्यालाही माहीत. बाळ सरांचं नाव पुण्याबाहेर दहा जणांना विचारून पाहा.

पण भाचीचा प्रश्न बुद्धिबळाचा आहे, तेव्हा ज्याच्याबद्दल मला खरं लिहायचंय तो माणूसही पुण्याचाच. अभिजित कुंटे. आम्ही हॉस्टेलला असताना वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर, क्रिकेटच्या खाली, कोपऱ्यात हे नाव यायचं. १९९७ आणि २००० चा राष्ट्रीय विजेता. २००० मध्येच ग्रँडमास्टर झाला. तेव्हा भारतात त्याच्याआधी फक्त तिघं ग्रँडमास्टर होते. आनंद, दिव्येंदू बरुआ आणि आपले प्रवीण ठिपसे. २००३ ला त्यानं ब्रिटिश अजिंक्यपदही जिंकलं. म्हणजे चॅम्पियन या शब्दात काही शंका नाही. पण पुढे जगज्जेतेपदाच्या आसपास तो गेला नाही. आनंद एवढा उंच होता की त्याच्या सावलीत कोण उभं आहे हे बघायला कोणी थांबायचं नाही, आणि पाठीमागून हरिकृष्णसारखी पोरं आलीच.

या माणसाची दुसरी इनिंग मला पहिलीपेक्षा जास्त आवडते. २०२२ च्या चेन्नई ऑलिम्पियाडला तो भारताच्या महिला 'अ' संघाचा कप्तान होता. बुद्धिबळात कप्तान म्हणजे न खेळणारा कप्तान. त्याला किती बोलता येतं माहीत आहे? खेळाडूनं 'बरोबरी घेऊ का' असं विचारलं तर 'घे' किंवा 'नको घेऊस' एवढं सांगता येतं. पटावर काय चाललंय याबद्दल एक अक्षर नाही! समोर आपल्या खेळाडूचा घोडा मरतोय, तुम्ही स्वतः ग्रँडमास्टर, तुम्हाला तो तीन चाली आधीच दिसलाय, आणि तुम्ही हात मागे बांधून फिरायचं. मला वाटतं मी तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखल झालो असतो.

चेन्नईत काय झालं ते आठवत असेल. भारताच्या मुली शेवटच्या फेरीपर्यंत आघाडीवर होत्या. सोनं जवळजवळ हातात. शेवटच्या दिवशी अमेरिकेशी सामना, १-३ असा हरलो आणि थेट कांस्यावर आलो. महिला संघाचं ऑलिम्पियाडमधलं ते पहिलंच पदक, म्हणून कौतुक झालं. पण त्या संध्याकाळी त्या हॉलमधून बाहेर पडताना पदकाचा आनंद कोणाला झाला असेल असं मला नाही वाटत.

दोन वर्षांनी बुडापेस्ट. कप्तान पुन्हा कुंटेच. द्रोणवल्ली हरिका, वैशाली, दिव्या देशमुख, वंतिका अग्रवाल आणि तानिया सचदेव. पहिले सातही सामने जिंकले. आठव्या फेरीत पोलंडनं हरवलं. नवव्यात अमेरिका, पुन्हा तीच अमेरिका, आणि २-२ बरोबरी. म्हणजे चेन्नईचीच गोष्ट परत सुरू झाली असं बघणाऱ्याला वाटावं. दहाव्या फेरीत चीनला २.५-१.५ नं हरवलं, त्या सामन्यातला एकमेव जिंकलेला डाव आमच्या नागपूरच्या पोरीचा. आता शेवटची फेरी, अझरबैजानशी.

इथे थोडा थांबतो, कारण मला हीच जागा बघायची आहे. संघात पाच जणी, खेळणार चौघी. कप्तानाच्या हातातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे कोणाला बसवायचं. तोपर्यंत पहिल्या पटावर हरिकाचे गुण फारच थोडे होते. मी डॅशबोर्ड बनवून पोट भरणारा माणूस, माझ्या एक्सेल शीटनं तिला लाल रंग देऊन बसवलं असतं. कुंटेनं तिला पहिल्या पटावरच ठेवलं. त्याच्या मनात काय हिशेब होता ते तोच जाणे. हरिका तो डाव जिंकली, भारत ३.५-०.५ जिंकला, आणि सोनं मिळालं. त्याच दिवशी खुल्या गटातही सोनं आलं, त्यामुळे टीव्हीवर मुलं-मुली एकत्र नाचताना आपण पाहिली.

तिचा तो आकडा नोंदला गेलाय, कायमचा. ज्यानं स्वतः शेकडो डाव घाण खेळून पाहिलेत, ज्याला माहीत आहे की वाईट स्पर्धेतसुद्धा एक डाव चांगला येऊ शकतो, तोच अशा आकड्याकडे बघून गप्प बसू शकतो. मी या निष्कर्षाला आलोय की वरच्या पायरीवर चॅम्पियन कोच हवा तो एवढ्यासाठी. चाल सांगायला नाही. चाली आता कॉम्प्युटर सांगतो, आणि तो जगज्जेत्यापेक्षा चांगल्या सांगतो.

मग जावईबापू बरोबर का? नाही ना! भाची वरच्या पायरीवर आहे कुठे? ती अजून अंगणात आहे.

दिव्याचीच गोष्ट घ्या. पुढे ती चेन्नईच्या आर. बी. रमेश यांच्याकडे शिकली. ते ग्रँडमास्टर, २००२ चे ब्रिटिश विजेते, प्रज्ञानंद आणि वैशालीचे गुरू. चॅम्पियनचा कोच झालेल्यांत सध्या त्यांच्याइतकं मोठं नाव भारतात क्वचितच. पण वर्ल्ड कप जिंकून नागपूरला उतरल्यावर तिनं आवर्जून नाव घेतलं ते राहुल जोशी सरांचं, नागपूरच्या तिच्या पहिल्या कोचचं. तिनं ग्रँडमास्टर व्हावं असं त्यांना वाटायचं म्हणाली. ती झाली तेव्हा हे पाहायला सर हयात नव्हते. त्यांच्या नावामागे ग्रँडमास्टर ही पदवी नव्हती. पण घोडा धरायला शिकणाऱ्या पोरीसमोर रोज संध्याकाळी येऊन बसणारा माणूस ते होते. वर्ल्ड कपच्या फायनलमधल्या दोन्ही खेळाडू भारतीय होत्या, समोर कोनेरू हम्पी होती, सगळं जग बघत होतं, आणि घरी आल्यावर तिला आठवण झाली ती त्या संध्याकाळच्या माणसाची.

आता थोडं विषयांतर करतो, कारण राग आलाय. आपल्या राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, मोठं पदक आणलं तर थेट अधिकारी करतात. रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसच्या फायनलमध्ये धावलेली ललिता बाबर महसूल खात्यात उपजिल्हाधिकारी झाली. जागतिक कुस्तीचं पदक आणणारा राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक. चांगलंच आहे, मिळायलाच हवं, आणि उपजिल्हाधिकारीपद सोडून शिट्टी गळ्यात अडकव असं सांगणारी आई महाराष्ट्रात सापडायची नाही. माझा राग खेळाडूंवर नाहीच. माझा राग असा, की 'अधिकारी' ही बढती आणि 'कोच' ही मात्र ज्याचं कुठे जमलं नाही त्याची सोय, हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे. स्टीपलचेसच्या पाण्याच्या खड्ड्यावरून कसं उतरायचं हे ज्या बाईला ऑलिम्पिकच्या पातळीवर माहीत आहे, तिच्यापुढे सातबाऱ्याच्या फायली. तालुक्या-तालुक्यात क्रीडा संकुल बांधायची योजना निघाली, भिंती आणि पाट्यांना पैसे निघाले. शिकवणाऱ्या माणसाच्या पगाराचं काय, हा प्रश्न उद्घाटनाच्या भाषणात कधी येत नाही. असो.

तर रविवारी मी अहेरीला दुसरा फोन केला. आमच्या पीटीच्या सरांना. आता रिटायर झालेत, वय सत्तरच्या पुढे. सर स्वतः तालुक्याच्या वर कधी खेळले नाहीत. आमच्याकडे व्हॉलीबॉल हा खरा खेळ. जंगलातल्या लहानशा गावातही दोन सागवानी बल्ल्या रोवून मध्ये जाळी बांधलेली दिसते, कारण एका चेंडूत बारा जणांची सोय होते. सरांनी त्या जाळीखाली तीस वर्षं पोरं उभी केली. त्यातले कितीतरी पुढे जिल्हा-विभागाला खेळले, काही पोलिसात लागले. मी त्यांच्यात नव्हतो. मला बॉल अंगावर आला की डोळे मिटायची सवय होती. सर ओरडायचे, "काहून रे, बॉल काय वाघ आहे का?" आणि मग तोच बॉल तसाच, पुन्हा, शंभर वेळा. एकदाही त्यांनी मला बाजूला सारून स्वतः मारून दाखवला नाही.

त्यांना सगळं सांगितलं. नागपूर, ग्रँडमास्टर, फी. सर म्हणाले, "मले तर घोडा कसा चालते तेही नीट येत नाही बाप्पा."

मी म्हटलं, शिकवायचं नाहीये सर. ती ऑनलाईन खेळेल, पुस्तकातली कोडी सोडवेल. तुम्ही फक्त रोज तासभर बसायचं. तिनं डाव वहीत लिहिला का बघायचं, घाईनं हात टाकला का बघायचं.

"हारल्यावर रडते का?"

"खूप रडते सर. जेवत नाही."

"अन् मग दुसऱ्या दिवशी बसते का पुन्हा?"

मला माहीत नव्हतं. बहिणीला विचारलं. ती म्हणाली, दुसऱ्या दिवशी कशाची, रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलच्या उजेडात एकटीच तो डाव परत मांडत बसते. सरांना कळवलं. "पाठव," म्हणाले.

सध्या ठरलंय ते असं. मार्चपर्यंत ती अहेरीतच. संध्याकाळी सरांच्या ओसरीवर एक तास. आठवड्यातून एकदा नागपूरच्या एका साध्या कोचचा ऑनलाईन क्लास, फी आवाक्यातली. उन्हाळ्यात महिनाभर आत्याकडे राहून स्पर्धा खेळायच्या, आणि मग बाकीचं पुढच्या वर्षी बोलू. जावईबापू नाराज आहेत. त्यांना वाटतं मी पोरीचं नुकसान करतोय, आणि खरं सांगायचं तर रात्री कधीकधी मलाही तसं वाटतं. दहाव्या वर्षी सुरू केलेलं आणि आठव्या वर्षी सुरू केलेलं यात बुद्धिबळात फार फरक पडतो म्हणतात.

काल बहिणीचा मेसेज आला. सर सोमवारपासून येताना स्वतःची वेगळी वही आणतात. त्यात ते घोड्याच्या चाली काढून बघतात.